विल्यम मोल्टन मार्स्टन आणि ‘वंडर वुमन’ची जन्मकथा

अमेरिकी चित्रकथांमधील स्त्रीच्या चित्रणाचा विचार करू लागले, की ‘वंडर वुमन’ या नायिकेपाशी थांबावेच लागते. १९४१ च्या अखेरीस ती प्रथम छापील पानावर अवतरली आणि आजतागायत तिची प्रकाशनपरंपरा जवळजवळ अखंड चालू आहे. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मूळचा चित्रकथालेखक नव्हे. कायद्याचा पदवीधर, मानसशास्त्राचा प्राध्यापक, असत्यशोधक चाचणीचा प्रवर्तक, चित्रपटसंस्थेचा सल्लागार अशा नाना भूमिका त्याने वठवल्या आणि त्यांपैकी बहुतेकींत त्याला अपयशच पदरी घ्यावे लागले. चित्रकथालेखन त्याने केले ते आयुष्याच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत. तथापि त्या अल्पकाळातील लेखनात त्याच्या आधीच्या आयुष्याचा अर्क उतरला, आणि त्या आयुष्यातील जे उघडपणे सांगण्याची सोय नव्हती तेही त्यात रूपकाच्या वेषात वावरत राहिले. या दृष्टीने त्याचे चरित्र वाङ्मयाच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटेल.

मार्स्टनचा जन्म ९ मे १८९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉगस या गावाच्या क्लिफ्टनडेल भागात झाला. तो आईवडिलांचा एकुलता मुलगा. १९११ मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने व्याख्यानासाठी बोलावले होते. विद्यापीठाने सभागृह नाकारल्यामुळे ते व्याख्यान विद्यापीठाच्या आवाराबाहेरील ब्रॅटल हॉलमध्ये झाले आणि या नकाराची चर्चा वृत्तपत्रांतून दूरवर गेली. मार्स्टन त्या वेळी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. लंडनमध्ये १९०८ साली मताधिकारवादी स्त्रियांनी स्वतःला साखळदंडांनी कठड्यांना जखडून घेतले होते. जखडलेली स्त्री आणि तुटणारी साखळी ही प्रतिमा त्या काळच्या चळवळीच्या मिरवणुकांत व व्यंगचित्रांत सर्वत्र दिसे. मार्स्टनच्या पुढील लेखनात साखळीला जे स्थान मिळाले, त्याचे एक मूळ येथे आहे.

हार्वर्डमध्ये त्याने ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम केले. हा गुरू स्त्रियांच्या मताधिकाराचा विरोधक होता. ‘वंडर वुमन’च्या कथांत डॉ. सायको नावाचा जो स्त्रीद्वेष्टा खलनायक आढळतो, त्याच्या रूपाने शिष्याने गुरूचे उट्टे काढले, असे अभ्यासक मानतात. मनुष्य असत्य बोलू लागला की त्याच्या रक्तदाबात फरक पडतो, या गृहीतकावर मार्स्टनने १९१५ च्या सुमारास प्रयोग आरंभिले. या प्रयोगांत त्याची सहकारी होती एलिझाबेथ हॉलवे. आपण रागावलो की आपला रक्तदाब चढतो, हे तिचेच निरीक्षण या शोधाच्या मुळाशी होते, अशी कुटुंबातील परंपरा आहे. शास्त्रीय निबंधांवर मात्र नाव आले ते मार्स्टनचे.

एलिझाबेथचा जन्मही १८९३ मधलाच, आयल ऑफ मॅन बेटावरचा. माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयात ती ग्रीक शिकली आणि सॅफोच्या काव्याची तिला आयुष्यभराची गोडी लागली. १९१५ मध्ये दोघांचा विवाह झाला. कायद्याचे शिक्षण घेण्याचा तिचा निश्चय होता, परंतु हार्वर्डच्या विधिविद्यालयाचे दार स्त्रियांना १९५० पर्यंत बंदच होते. वडिलांनी पैसे देण्याचे नाकारले, तेव्हा तिने पाकशास्त्राची पुस्तके विकून शुल्क जमवले आणि १९१८ मध्ये बॉस्टन विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. १९२१ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची एम. ए. पदवीही तिने संपादन केली. मार्स्टनला हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली तीही त्याच वर्षी.

यानंतरचा मार्स्टनचा प्रवास उतरणीचा आहे. वॉशिंग्टनमध्ये प्राध्यापक असताना त्याने जेम्स फ्राय या कृष्णवर्णीय तरुणाची असत्यशोधक चाचणी घेतली. फ्रायवर खुनाचा आरोप होता आणि चाचणीवरून तो निर्दोष असल्याचा मार्स्टनचा निष्कर्ष होता. न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य मानली नाही. १९२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय कायम केला आणि शास्त्रीय पुरावा त्या त्या शास्त्रात सर्वमान्य असल्याशिवाय स्वीकारू नये, असा दंडक घालून दिला. हा दंडक पुढे सत्तर वर्षे अमेरिकी संघीय न्यायालयांतील विचाराला आधारभूत राहिला. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला अजरामर झाला, परंतु ज्याच्या पराभवातून तो उद्भवला त्या मार्स्टनची प्रतिष्ठा ढासळली. त्याच वर्षी एका व्यावसायिक व्यवहारात फसवणुकीच्या आरोपावरून त्याला अटकही झाली होती. आरोप मागे घेण्यात आले, पण विद्यापीठीय जगात एका ठिकाणी फार काळ टिकणे त्याला पुढे कधीच साधले नाही.

१९२५ मध्ये तो टफ्ट्स महाविद्यालयात शिकवू लागला. तेथे ऑलिव्ह बर्न ही विद्यार्थिनी त्याच्या संशोधनात साहाय्य करू लागली. तिची पार्श्वभूमी असाधारण होती. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर या दोघी बहिणींनी १९१६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र उघडले होते. काही दिवसांतच पोलिसांनी ते बंद पाडले. एथेलला तुरुंगवास झाला, तेव्हा १९१७ च्या जानेवारीत तिने उपोषण आरंभिले आणि तिला बळजबरीने अन्न भरवण्यात आले. जिच्या आईच्या नावाने वृत्तपत्रांचे मथळे सजत होते, ती ऑलिव्ह मात्र आईपासून दूर आजीआजोबांकडे व नंतर अनाथाश्रमांत वाढली. याच मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्धा येथे येऊन महात्मा गांधींना भेटल्या होत्या. संततिनियमनाविषयी त्या दोघांचे एकमत झाले नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते ते १९२१ मध्ये. त्यामुळे भारतीय वाचकालाही या कुटुंबाच्या कथेचा एक धागा परिचित वाटावा.

१९२६ मध्ये पदवीधर होताच ऑलिव्ह मार्स्टन दांपत्याच्या घरी राहावयास आली आणि तेथेच राहिली. एकाच छपराखाली एक पुरुष आणि दोन स्त्रिया यांचा संसार सुरू झाला. मार्जरी विल्क्स हंटली नावाची आणखी एक स्त्रीही अधूनमधून त्यात सहभागी होत असे. एलिझाबेथला दोन आणि ऑलिव्हला दोन अशी चार मुले या घरात वाढली. एलिझाबेथ न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत नोकरी करून घर चालवी आणि ऑलिव्ह चारही मुलांचा सांभाळ करी. एलिझाबेथने आपल्या मुलीचे नाव ऑलिव्ह अ‍ॅन ठेवले. ऑलिव्हच्या मुलांना मार्स्टन दांपत्याने विधिवत दत्तक घेतले. विल्यम रिचर्ड नावाच्या गृहस्थाशी आपला विवाह झाला होता व तो वारला, असे ऑलिव्ह जगाला आणि स्वतःच्या मुलांनाही सांगत असे. असा कोणी गृहस्थ अस्तित्वातच नव्हता. मुलांना खरी हकीकत कळली ती १९६० नंतरच्या दशकात, आणि तीही ऑलिव्हकडून नव्हे, तर एलिझाबेथकडून. असत्य ओळखण्याचे शास्त्र ज्याने सिद्ध करू पाहिले, त्याच्याच घराचा पाया अशा रीतीने एका कायमच्या असत्यावर उभा होता. मात्र त्या काळच्या अमेरिकेत अशा कुटुंबाला सत्य सांगण्याची मुभा नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सत्य उघड झाले असते तर नोकरी, मुले आणि घर यांपैकी काहीच सुरक्षित राहिले नसते.

या संसाराचे तात्त्विक समर्थन मार्स्टनच्या ‘इमोशन्स ऑफ नॉर्मल पीपल’ (१९२८) या ग्रंथात शोधता येते. मानवी भावजीवनाचे मूळ घटक चार असून त्यांत वर्चस्व आणि समर्पण यांना मोठे स्थान आहे, असा त्याचा सिद्धांत होता. प्रेमळ अधिकारापुढे स्वेच्छेने नमण्यात सुख असते आणि अशा प्रेमाचे नेतृत्व करण्याची पात्रता पुरुषापेक्षा स्त्रीत अधिक असते, असे तो मानी. ज्या लैंगिक प्रवृत्तींना समाज विकृत म्हणतो त्यांपैकी पुष्कळ, स्त्रियांमधील परस्परप्रेमासह, स्वाभाविकच आहेत, असे तो लिहून गेला. १९२८ मध्ये विद्यापीठीय मानसशास्त्रज्ञाने असे मत छापावे, हे धाडसच होते. ग्रंथाची फारशी दखल घेतली गेली नाही. मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात त्याचे अनुकूल परीक्षण आले, पण त्याची लेखिका खुद्द ऑलिव्हच होती.

१९३० नंतर मार्स्टनला कोठेही स्थिर अध्यापनपद मिळाले नाही. हॉलिवूडमध्ये त्याने सल्लागाराचे काम केले, लोकप्रिय मासिकांत लेख लिहिले, दाढीच्या पात्यांच्या जाहिरातीसाठी असत्यशोधक चाचण्याही घेतल्या. १९३७ च्या नोव्हेंबरात त्याने वार्ताहरांपुढे भाकीत केले, की हजार वर्षांच्या आत अमेरिकेत स्त्रियांचे राज्य येईल. वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीने छापली. मार्स्टन मात्र गंभीर होता.

त्याच सुमारास चित्रकथांचे युग अवतरले. १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’ आणि १९३९ मध्ये ‘बॅटमॅन’ आला. लक्षावधी मुले ही पुस्तके वाचू लागली, तसा पालक व समीक्षक यांचा रोषही वाढला. १९४० मध्ये ‘फॅमिली सर्कल’ मासिकात ऑलिव्ह रिचर्ड या लेखिकेने मार्स्टनची मुलाखत प्रसिद्ध केली. तीत त्याने चित्रकथांचे मानसशास्त्रीय समर्थन केले होते. एका तज्ज्ञाकडे शंका घेऊन गेलेली अपरिचित पत्रकार अशी भूमिका लेखिकेने घेतली होती. वस्तुतः ती ऑलिव्ह बर्नच होती आणि दोघे एकाच घरात राहत होते. ही मुलाखत वाचून प्रकाशक मॅक्सवेल चार्ल्स गेन्स याने मार्स्टनला सल्लागार नेमले. चित्रकथांवरील आक्षेपांचे मूळ त्यांतील रक्तलांच्छित पुरुषीपणात आहे, तेव्हा प्रेमाच्या बळावर जिंकणारा नायक निर्माण करावा, असा मार्स्टनचा विचार होता. तो नायक स्त्री असावी, ही सूचना एलिझाबेथची, असे कुटुंबीय सांगत आले आहेत. १९४१ च्या फेब्रुवारीत त्याने ‘सुप्रीमा, द वंडर वुमन’ या शीर्षकाची पहिली संहिता दिली. संपादक शेल्डन मेयरने पहिला शब्द गाळला. लेखकाचे टोपणनाव ठरले चार्ल्स मोल्टन : अर्धे प्रकाशकाचे, अर्धे स्वतःचे.

कथेचा सांगाडा ग्रीक पुराणातून घेतलेला आहे. हर्क्युलिसने कपटाने जिंकून साखळदंडांत जखडलेल्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया देवी अ‍ॅफ्रोडाइटीच्या कृपेने मुक्त होतात आणि पुरुषांपासून दूर एका बेटावर राज्य स्थापतात. पूर्वीच्या दास्याचे विस्मरण होऊ नये म्हणून त्या मनगटांवर कडी घालतात. राणी हिपोलिटी मातीची मूर्ती घडवते, देवी तीत प्राण फुंकते आणि डायना जन्मते. पुढे बेटावर अमेरिकी वैमानिक कोसळतो, आणि त्याला परत पोचवून लोकशाहीच्या बाजूने लढण्यासाठी डायना पुरुषांच्या जगात येते. तिच्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या आदळून परततात, परंतु पुरुषाने त्या कड्यांना साखळी जोडली तर तिचे बळ नाहीसे होते. कडी उतरवली तर तिचा आवेश अनावर होतो. तिचा सोनेरी फास ज्याच्यावर पडेल त्याला आज्ञा पाळावी लागते आणि सत्य सांगावे लागते. ही सारी सामग्री घरातूनच आली होती. ऑलिव्ह मनगटांत दोन रुंद कडी घालीत असे. फासाचे नाते असत्यशोधक चाचणीशी उघड आहे. डायना संकटात सॅफोची शपथ घेते, त्यात एलिझाबेथच्या ग्रीक वाचनाचा प्रतिध्वनी ऐकू येतो.

स्त्रीराज्याची कल्पना जागतिक वाङ्मयात नवी नाही. अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमनने १९१५ मध्ये ‘हरलँड’ ही कादंबरी लिहिली. तिच्याही आधी, १९०५ मध्ये, रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा मद्रासच्या एका इंग्रजी नियतकालिकात आली होती आणि तीत पुरुषच पडद्यात कोंडलेले होते. मराठी वाचकाला यावेळी ‘नवनाथ भक्तिसारा’तील स्त्रीराज्याची आठवण व्हावी. तेथे मच्छिंद्रनाथ राणीच्या मोहात गुंततो आणि गोरक्ष त्याला सोडवून आणतो. त्या कथेत स्त्रीराज्य हा साधकाच्या वाटेवरील धोका आहे आणि कथेचा डोळा बाहेरून येणाऱ्या पुरुषाचा आहे. मार्स्टनच्या कथेत पुरुष अपघाताने येतो, त्याची शुश्रूषा होते आणि जगाच्या सुटकेसाठी बाहेर पडते ती स्त्री. या उलटापालटीमुळे एका जुन्या आशयबीजाचा अर्थ बदलला आहे.

१९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात वंडर वुमन आली. १९४२ च्या आरंभी ‘सेन्सेशन कॉमिक्स’मध्ये तिला मुखपृष्ठ मिळाले आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. चित्रे काढली हॅरी जी. पीटर या साठी उलटलेल्या चित्रकाराने. तरुणपणी त्याने ‘जज्’ या विनोदी साप्ताहिकात मताधिकाराच्या बाजूची चित्रे काढली होती. त्याच साप्ताहिकात लू रॉजर्स ही चित्रकर्ती दोर तोडणारी स्त्री रेखाटीत असे आणि पुढे तिने सँगर यांच्या नियतकालिकासाठीही काम केले. अशा रीतीने मताधिकार चळवळीची चित्रभाषा वीस-पंचवीस वर्षांनी मुलांच्या चित्रकथेत पुन्हा प्रकट झाली. कथांतून नायिका संपावरील कामगार स्त्रियांच्या बाजूने उभी राहते, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवते. प्रत्येक अंकात इतिहासातील एखाद्या कर्तबगार स्त्रीचे सचित्र चरित्र देण्याचीही प्रथा होती.

तथापि मार्स्टनच्या लेखनाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. नायिका, तिच्या सख्या आणि तिचे शत्रू जवळजवळ प्रत्येक कथेत दोरांनी वा साखळ्यांनी बांधले जातात आणि ही दृश्ये तो संहितेत बारकाईने वर्णन करी. १९४३ मध्ये बालवाङ्मयाच्या तज्ज्ञ जोसेट फ्रँक यांनी या दृश्यांना हरकत घेतली. बंधनाच्या दृश्यांत लैंगिक आनंद शोधणाऱ्या एका सैनिकाचे पत्र आले, तेव्हा प्रकाशकही धास्तावला. मार्स्टनने माघार घेतली नाही. बंधन दाखवल्याशिवाय मुक्ती दाखवता येत नाही, आणि प्रेमळ सत्तेपुढे नमणे शिकल्याशिवाय जगातील हिंसा थांबत नाही, ही त्याची भूमिका होती. यात चळवळीचे प्रतीक किती आणि लेखकाची स्वतःची आसक्ती किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. दोन्ही एकाच प्रतिमेत मिसळली आहेत, असे म्हणणेच न्याय्य ठरेल. याच पानांवर जपानी व कृष्णवर्णीय पात्रांची जी उपहासचित्रे आढळतात, त्यांचे मात्र कोणत्याही अंगाने समर्थन होऊ शकत नाही. स्त्रीच्या मुक्तीची त्याची कल्पना गौरवर्णीय स्त्रीपुरतीच मर्यादित राहिली.

१९४४ मध्ये मार्स्टनने आपली विद्यार्थिनी जॉय हमेल हिला साहाय्यक नेमले. कामाची पूर्वतयारी म्हणून ऑलिव्हने तिच्या हाती मार्गारेट सँगर यांचे १९२० मधील एक पुस्तक ठेवले. त्याच वर्षी मार्स्टनला पोलिओ झाला आणि त्याचे चालणे थांबले. हमेलने सत्तरांहून अधिक कथा लिहिल्या, पण छापील पानावर तिचे नाव कधी आले नाही. २ मे १९४७ रोजी कर्करोगाने मार्स्टनचे न्यूयॉर्क राज्यातील राय येथे निधन झाले. त्या वेळी तो ५३ वर्षांचा होता. मालिकेचे सूत्र आपल्या हाती द्यावे, अशी एलिझाबेथने प्रकाशनसंस्थेला विनंती केली. ती नाकारली गेली आणि लेखन रॉबर्ट कॅनिगर याच्याकडे गेले. युद्धोत्तर काळात स्त्रियांना कारखान्यांतून घरी पाठवले जात होते, त्याचे प्रतिबिंब नायिकेच्या पानांवरही पडले. ती विवाहाची स्वप्ने पाहू लागली आणि कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांची जागा विवाहविधींच्या माहितीने घेतली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने तिच्यावर समलिंगी आकर्षणाचा ठपका ठेवला. मार्स्टनने ज्याला स्वाभाविक म्हटले होते, तेच आता आरोपपत्रातील कलम झाले. त्याच वर्षी चित्रकथाप्रकाशकांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेने अशा चित्रणाची वाट ३५ वर्षे बंद ठेवली. ती अट शिथिल झाली १९८९ मध्ये.

नायिकेचे पुनरुत्थान स्त्रीमुक्ती चळवळीने केले. १९७२ च्या जुलैत ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने तिला मुखपृष्ठावर आणले. त्याच वर्षी ट्रिना रॉबिन्सने ‘विमेन्स कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात समलिंगी तरुणीची उघड कथा प्रसिद्ध केली आणि १९८६ मध्ये याच रॉबिन्सने वंडर वुमनची मालिका चितारली. या चळवळीतील स्त्रियांना मार्स्टनच्या घराची हकीकत ठाऊक नव्हती. सँगर यांच्याशी असलेले नातेही कुटुंबाने कटाक्षाने झाकले होते. इतिहासकार जिल लेपोर यांच्या २०१४ मधील ग्रंथाने हा सारा पट प्रथम तपशीलवार उलगडला. दोन्ही स्त्रियांमधील नात्याच्या स्वरूपाविषयी चरित्रकार, चित्रपटकार आणि कुटुंबीय यांच्यात मतभेद आहेत. मार्स्टनच्या मृत्यूनंतरही त्या दोघींनी एकत्र राहून चारही मुलांना शिकवले आणि ऑलिव्हच्या १९९० मधील निधनापर्यंत त्या वेगळ्या झाल्या नाहीत, एवढे निर्विवाद आहे. एलिझाबेथ १९९३ मध्ये शंभर वर्षांची होऊन वारली.

जॉय हमेलचा पहिला जाहीर गौरव झाला तो २०१८ मध्ये, लेखन सोडल्यानंतर ७१ वर्षांनी, आणि २०२१ मध्ये तिचे निधन झाले. स्त्रीला जगाचे नेतृत्व मिळावे असे मार्स्टनला मनापासून वाटत होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या स्त्रीच्या पगारावर त्याचे घर चालले, जिच्या कड्यांनी त्याची नायिका सजली आणि जिच्या लेखणीने त्याच्या आजारपणात ती जिवंत ठेवली, त्या तिघींपैकी एकीचेही नाव त्याच्या हयातीत श्रेयाच्या ओळीत आले नाही. ‘वंडर वुमन’चे वाचन त्या तीन नावांसह करणे, हे अभ्यासकांकडे उरलेले काम आहे.